बाई आणि बहनजी

नववीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून ‘बाई’ निघून गेलं. मी सुट्टीत पुण्याला मामाकडे राहून आले होते. तिथली भावंडं शाळेतल्या शिक्षिकांना बाई म्हणायची, तीच सवय जिभेवर राहिली होती. संगीताच्या तासाला मी हात वर करून विचारलं, ‘‘बाई, तीव्र मध्यम की खड़ी लकीर ऊपर लगेगी?’’ मुली माना खाली घालून हसल्या. शिकवणारी माझी सख्खी आत्याच होती, पण शाळेत तिला इतरांसारखं ‘बहनजी’ म्हणायचं असं आमचं ठरलेलं होतं. तास पुढे चालू राहिला. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘‘अगं, इथल्या बाई निराळ्या. शाळेत तो शब्द पुन्हा नको.’’

ही गोष्ट १९९०च्या दशकातली, बनारसमधल्या एका कन्या इंटर कॉलेजातली. उत्तर प्रदेशात बारावीपर्यंतच्या शाळेलाही कॉलेजच म्हणतात. आमचं घर दुर्गाघाटाजवळ. पेशवाईत इकडे आलेल्या मराठी घरांची ही जुनी वस्ती आहे. घरात मराठी, गल्लीत बनारसी बोली आणि शाळेत पुस्तकी हिंदी. तौलनिक साहित्यात एम.ए. करून मी भाषांतराकडे वळले, त्याची तयारी बहुधा या तीन पायऱ्या रोज चढता-उतरताना झाली असावी. ‘बाई’ हा त्या वाटेवर मला लागलेला पहिला खड्डा. मराठीत हा आदराचा शब्द आहे, शिकवणाऱ्या स्त्रीचा. बनारसमध्ये एखाद्या गाणाऱ्या स्त्रीच्या नावापुढे ‘बाई’ आलं की ती कुठल्या गल्लीतली, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळायचं.

गेल्या वर्षी आत्याने तिच्या शिकवण्याच्या वह्यांची ट्रंक माझ्या हवाली केली. वह्या हिंदीत आहेत. पण त्यांतली बरीचशी सामग्री मुळात मराठी आहे, हे मला त्या उलगडत बसल्यावर नीट कळलं. या वह्या मराठीत आणायच्या म्हणजे काही अंशी माहेरी आणायच्या. म्हणून बनारसमधला शाळेचा संगीताचा तास आला कुठून, याचा मी शोध घेऊ लागले.

गाण्यासाठी बनारसला शाळेची गरज नव्हती. कबीरचौऱ्यात गाणारी, तबला वाजवणारी, सारंगी वाजवणारी घरं एकमेकांना लागून होती. तबल्याचं बनारस घराणं तिथलंच, कंठे महाराज आणि किशन महाराज त्याच वस्तीतले. मुलगा घरातच ऐकत मोठा व्हायचा. बाहेरचा असेल तर गंडा बांधून गुरूकडे राहायचा. ठुमरी, दादरा, कजरी, चैती यांची मोठी विद्या दालमंडी आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या तवायफांकडे होती. त्या उस्तादांकडून आणि सारंगियांकडून शिकत आणि पुढच्या पिढीतल्या मुलींना शिकवत. या व्यवस्थेत एका माणसाला जागा नव्हती : आमच्यासारख्या घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीला. ती मंगळागौरीची गाणी म्हणू शकत होती, देवळात भजन म्हणू शकत होती, पण राग शिकायला जाणार कुठे?

ती जागा तयार करण्याचं काम मुख्यतः महाराष्ट्रातून आलेल्या माणसांनी केलं. १८७४ साली पुण्यात गायन समाज निघाला. गाणं हा सुशिक्षितांनी शिकण्याचा विषय आहे, तो शाळेत जायला हवा, हा त्याचा आग्रह. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची संगीतशाळा १८८६ साली सुरू झाली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपीही बनवली होती. त्यानंतर आले दोन विष्णू.

विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामाने डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. संस्थानिकाच्या आश्रयावर न चालणारी, फी, वर्गणी आणि जाहीर कार्यक्रमांवर चालणारी ही शाळा होती. तिथे इयत्ता होत्या, परीक्षा होत्या, छापील पुस्तकं होती आणि स्त्रियांना शिकण्याची सोय होती. विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे वकील. त्यांनी वकिली सोडली, देशभर हिंडून ग्रंथ पाहिले, उस्तादांना भेटले, चिजा उतरवून घेतल्या. जयपूरच्या मुहम्मद अली खाँ कोठीवाल यांच्या घरातून त्यांना फार मोठा साठा मिळाला. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, तोही गुरू-शिष्य संवादाच्या रूपात. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत सुमारे १८०० चिजा स्वरलिपीसह छापल्या गेल्या.

या दोघांचं आपसात फारसं जमलं नाही. जानकी बाखले यांच्या ‘टू मेन अँड म्युझिक’ या २००५ सालच्या इंग्रजी पुस्तकात त्यांच्या दोन वाटांची तपशीलवार मांडणी आहे. एकाला संगीत भक्तीच्या आधाराने घराघरांत न्यायचं होतं, दुसऱ्याला ते शास्त्राच्या पायावर उभं करायचं होतं. शाळेच्या दृष्टीने मात्र दोघांनी एकच गोष्ट केली. त्यांनी गाणं वहीत मावेल असं केलं.

पण ते एकाच वहीत मावत नाही. आत्याच्या वहीत एका पानावर ‘सा’च्या डोक्यावर टिंब आहे. भातखंड्यांच्या लिपीत वर टिंब म्हणजे तार सप्तक, मंद्राचं टिंब अक्षराखाली. पलुसकरांच्या लिपीत वरचं टिंब मंद्राचं, आणि तार सप्तकाला अक्षरावर उभी रेघ. खूण एकच, आणि दोन वाचनांत दोन सप्तकांचं अंतर! भातखंडे समेला गुणिलेसारखी फुली देतात आणि खालीला शून्य. पलुसकर समेला एक आकडा देतात आणि खालीला अधिकचं चिन्ह. पलुसकरांच्या लिपीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या लांबीची खूण असते, त्यामुळे बारीकसारीक गोष्टी टिपता येतात, पण पान भरून जातं. भातखंडे मात्रांचे रकाने पाडतात. स्वर लांबला की आडवी रेघ, शब्द लांबला की अवग्रह, एका मात्रेत दोन स्वर आले की खाली कंस. चौदा वर्षांची मुलगी हाताच्या बोटांवर मात्रा मोजत ते पान वाचू शकते. शाळांमध्ये भातखंडे लिपी अधिक रुजली, त्याचं एक कारण हे असावं, असं मला आत्याचा वर्ग आठवताना वाटतं.

दुसरं कारण थाटांचं. शेकडो राग दहा थाटांत बसवले की पाठांतराला दहा नावं पुरतात. शुद्ध स्वरांचा थाट बिलावल, आणि तो पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर सरळ वाजतो. शिवाय लक्षणगीत : रागाचे स्वर, वादी, संवादी, गाण्याची वेळ हे सगळं ज्याच्या शब्दांतच सांगितलेलं असतं असं गाणं. भातखंड्यांनी अशी गाणी मुद्दाम रचली. परीक्षेच्या दृष्टीने ही फार सोयीची वस्तू, कारण मुलीने गाणं म्हटलं की उत्तरही पाठ झालेलं असे.

ही पद्धत बनारसला पोचली त्यात १९१९ हे वर्ष महत्त्वाचं. भातखंड्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषदा भरत होत्या : १९१६ साली बडोद्यात, १९१८ साली दिल्लीत आणि १९१९च्या डिसेंबरात बनारसमध्ये. उस्ताद, पंडित, संस्थानिक आणि शिकलेले रसिक एका मंडपात आणायचे, रागांची रूपं ठरवायची, राष्ट्रीय पातळीची संगीत संस्था उभारायची, असा त्यांमागचा विचार. पुढे लखनौच्या परिषदा झाल्या आणि १९२६ साली तिथे मॉरिस कॉलेज निघालं. त्याच वर्षी अलाहाबादला प्रयाग संगीत समिती स्थापन झाली. त्याआधी १९२१ साली संयुक्त प्रांताचं हायस्कूल आणि इंटरमीडिएट बोर्ड झालं होतं, आणि १९२३ साली त्याची पहिली परीक्षाही झाली होती. म्हणजे दहा वर्षांच्या आत तीन गोष्टी जुळून आल्या : शिक्षक तयार करणाऱ्या संस्था, छापील पाठ्यपुस्तक आणि गुण देणारं बोर्ड. या तिन्हींशिवाय शाळेत कुठलाच विषय तग धरत नाही.

मराठी पुस्तकं हिंदीत आली ती हाथरसच्या संगीत कार्यालयामुळे. ते काढलं प्रभुलाल गर्ग यांनी. हिंदी वाचक त्यांना काका हाथरसी या नावाने, हास्यकवी म्हणून ओळखतो. ‘वसंत’ या नावाने त्यांनी लिहिलेलं ‘संगीत विशारद’ उत्तरेतल्या परीक्षार्थींच्या दोन-तीन पिढ्यांनी पाठ केलं. भातखंड्यांचा मराठी ग्रंथ तिथूनच ‘भातखंडे संगीतशास्त्र’ म्हणून हिंदीत निघाला. आमच्या शाळेच्या कपाटात तो होता. त्यातले मूळ शब्द माझ्या घरच्या भाषेतले होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वर्गात ‘भातखंडे जी’ हे पाच गुणांचं चरित्र होतं, ‘विष्णु दिगंबर जी’ दुसरं. दोघेही मराठी बोलत असतील, हे एकाही मुलीच्या मनात आलं नसेल. माझ्याही नाही.

पलुसकरांची परंपरा बनारसमध्ये वेगळ्या दाराने आली. त्यांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर १९५० साली बनारस हिंदू विद्यापीठाच्या नव्या संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. ‘संगीतांजली’चे सहा भाग त्यांनी हिंदीत लिहिले. त्यांच्या शिष्या एन. राजम १९५९ साली विद्यापीठात रुजू झाल्या आणि व्हायोलिनवर गळ्यातलं गाणं काढायला विद्यार्थ्यांना शिकवत राहिल्या. आत्याने दोन्ही वाटांनी परीक्षा दिल्या, म्हणून तिच्या वहीत दोन्ही टिंबं आहेत. कुठल्या पानावर कुठलं, हे तिला वही न उघडता सांगता येतं.

बोर्डाच्या यादीत ‘संगीत गायन’ आणि ‘संगीत वादन’ हे दोन स्वतंत्र विषय. आमच्या शाळेत वादन म्हणजे सतार, आणि ती घेणाऱ्या मुली थोड्या; गायनाचा वर्ग मोठा. चाळीस मिनिटांचा तास, पस्तीस मुली, टाटपट्टीवर बसलेल्या, एक पेटी, एक तबला-डग्गा. हिशेब केला तर एका मुलीच्या गळ्याच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येतं. म्हणून आत्या चौघी-चौघींचे गट करायची. एक गट गायचा, बाकीच्यांनी हाताने टाळी-खाली दाखवायची. ‘‘ज्याचा हात चुकला नाही त्याचा गळा आज ना उद्या जागेवर येतो,’’ असं ती म्हणायची. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येत. ते राग विचारत, मग चौपट लयीत ठेका हातावर बोलून दाखवायला सांगत.

सारंगी आमच्या शाळेत नव्हती. बनारस हे गोपाल मिश्र आणि हनुमान मिश्र यांच्यासारख्या सारंगियांचं शहर, तरी मी ती शाळेच्या वयात जवळून पाहिली नाही. काही कारणं वाद्यातच आहेत. तातीच्या तीन तारा, त्यांच्याखाली पस्तीसच्या आसपास तरफा. जुळवण्यातच तास संपायचा. बोटाच्या पेरानं नव्हे, नखाच्या मुळाशी तार दाबून स्वर काढायचा, तो काढायला वर्षं लागतात. पेटीची पट्टी दाबली की स्वर तयार. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीला दाराबाहेर ठेवलं, शाळांनी तिला सोडलं नाही. पण सारंगी शाळेबाहेर राहिली, त्याचं दुसरं कारण तिची संगत. ती कोठ्यावर वाजत होती.

इथे मी ‘बाई’ या शब्दाकडे परत येते. आमच्यासारख्या मुलींना गाणं शिकता यावं म्हणून आधी गाण्याला त्या गल्लीपासून लांब न्यावं लागलं. पलुसकरांनी चिजांतले शृंगाराचे शब्द काढून भक्तीचे घातले. आईबाप मुलीला वर्गात पाठवायला तयार झाले, त्यात या शब्दबदलाचा वाटा मोठा आहे. तो बदल मी हसण्यावारी नेऊ शकत नाही, कारण त्यामुळेच माझ्या आत्याला नोकरी मिळाली. ती आमच्या घरातली स्वतःचा पगार घेणारी पहिली बाई. गाण्यामुळे मुलीचं लग्न जमतं म्हणून तिला शिकवलं गेलं, आणि त्याच गाण्यामुळे लग्न न करता जगणं तिला शक्य झालं.

पण लांब नेलं म्हणजे कुणापासून? रसूलनबाई मिर्झापूर जिल्ह्यातल्या, बनारसच्या ठुमरी-टप्प्याच्या मोठ्या गायिका. १९४०च्या दशकात आकाशवाणीने ‘बदनाम’ आयुष्याच्या गायिकांना दार बंद करायला सुरुवात केली. त्या सुमारास अनेक बाया ‘बाई’ टाकून ‘देवी’ किंवा ‘बेगम’ झाल्या. रसूलनबाई रसूलनबाईच राहिल्या. १९४८ साली त्यांनी कोठा सोडला. १९५७ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे त्या अहमदाबादला गेल्या, १९६९च्या दंगलीत त्यांचं घर जळालं, आणि १९७४ साली त्या वारल्या. त्यांच्या एका ठुमरीत एका शब्दाच्या जागी नंतर दुसरा, सौम्य शब्द कसा आला, याचा माग सबा दीवान यांनी ‘दि अदर साँग’ या २००९च्या माहितीपटात घेतला आहे. भाषांतर करणाऱ्याने तो पाहावाच. एक शब्द बदलला की केवढं घर रिकामं होतं, ते त्यात दिसतं.

आमच्या संगीताच्या पुस्तकात या नावांना पाच गुणांचीही जागा नव्हती. गंमत म्हणजे आज रसूलनबाई दहावीच्या वर्गात आहेत, पण हिंदीच्या तासाला. सीबीएसईच्या दहावीच्या ‘क्षितिज’ या पाठ्यपुस्तकात यतीन्द्र मिश्र यांचा ‘नौबतखाने में इबादत’ हा बिस्मिल्ला खाँवरचा धडा आहे. लहानगा अमीरुद्दीन, म्हणजे पुढचे बिस्मिल्ला खाँ, पंचगंगेजवळच्या बालाजी मंदिरात रियाजाला जाताना मुद्दाम रसूलनबाई आणि बतूलनबाई या बहिणींच्या घरावरून जात असे. गाण्याची ओढ त्याला त्यांच्यामुळे लागली, असं त्यात आलं आहे. बालाजी मंदिर आमच्या दुर्गाघाटापासून चालत काही मिनिटांवर. माझ्या भाचीने हा धडा वाचून दाखवला, तेव्हा आत्या शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. संध्याकाळी तिने ट्रंकेतून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली.

तिच्या वह्यांत प्रत्येक चिजेखाली स्रोत लिहिलेला आहे : ‘क्र. पु. मा., भाग दोन’, ‘संगीतांजली, भाग तीन’, कुठे परीक्षेला लागलेल्या पुस्तकाचं नाव. या वहीत अकरा दादरे आणि चैत्या आहेत. त्यांच्याखाली फक्त एक हिंदी शब्द : ‘श्रुत’. म्हणजे ऐकलेलं. मी विचारलं, कुणाकडून? नोकरी लागल्यावर तिसऱ्या वर्षी, म्हणाली, शाळेच्या तबलजींच्या ओळखीने ती कबीरचौऱ्याजवळ राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गायिकेकडे जाऊ लागली. दर रविवारी दुपारी, डोक्यावरून पदर घेऊन, दोन वर्षं. घरी भजनाला जाते म्हणून सांगायची.

‘‘मग नाव का नाही लिहिलंस?’’

‘‘शाळेची वही होती ती. इन्स्पेक्टर बघायचे. त्या स्वतःच म्हणाल्या, बेटी, मेरा नाम मत लिखना, तुम्हारी नौकरी है.’’

नाव तिने मलाही सांगितलं नाही. शब्द दिला आहे म्हणाली.

त्या अकरा चिजा तिने आम्हाला वर्गात कधी शिकवल्या नाहीत. पण आता त्या वाचताना मला जाणवतं, की ती आम्हाला शब्दावर थांबायला शिकवायची, एकच शब्द चार तऱ्हांनी म्हणायला लावायची. ते क्रमिक पुस्तकात नाही. त्या दोन्ही लिपींना ते टिपता आलं नसतं. ते त्या रविवारांतून आलं, आणि बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या शेकडो मुलींच्या गळ्यांत थोडं थोडं गेलं.

संगीताचा तास मोडावा असं मला वाटत नाही. भातखंड्यांचे रकाने नसते तर मी आज ही वही वाचूच शकले नसते. पण त्या तासाचा इतिहास सांगताना दोन विष्णू, परिषदा, कॉलेज आणि बोर्ड एवढ्यावर थांबणं म्हणजे सगळ्या पानांवर स्रोत लिहून अकरा पानांवर तो न लिहिण्यासारखं आहे. कोठीवालांचं नाव भातखंड्यांनी नोंदवलं, म्हणून ते आज आपल्याला माहीत आहे.

मी आता त्या वहीचं मराठी करते आहे. ‘श्रुत’ या शब्दापाशी बरेच दिवस अडले होते. ‘ऐकीव’ म्हटलं तर वाऱ्यावरून आल्यासारखं वाटतं. ‘कर्णोपकर्णी’ तर अफवेचा शब्द. शेवटी मी लिहिलं : ‘बाईंकडून’. मराठी वाचकाला ते शाळेतल्या बाईंसारखं सहज वाचता येईल, आणि बनारसचा माणूस ते त्याच्या अर्थाने वाचेल. दोन्ही अर्थ खरे आहेत. नाव कुठेच नाही, त्यामुळे दिलेला शब्दही मोडत नाही.

आत्याला ते पान दाखवलं. तिने चष्मा लावून अकराही ठिकाणं तपासली. एका ठिकाणी मी वरचं टिंब तार सप्तकाचं धरलं होतं. तिने पेन्सिलीने ते खोडून अक्षराच्या खाली काढलं. मग म्हणाली, ‘‘बाई ठीक आहे. मराठीत चालेल.’’